सासूबाई पहिल्यांदाच डिसेंबरात येतायत, घरात झाड लावू की नको?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी जर्मनीत लायपझिगला राहते, नवराबायको दोघंही नोकरी करतात, मुलगी पाच वर्षांची, किटामध्ये म्हणजे इथल्या बालवाडीत जाते. सासूसासरे साताऱ्याहून पहिल्यांदाच येतायत, 2 डिसेंबरला पोचणार आणि संक्रांत करून परत जाणार. मुलीला यंदा घरात ख्रिसमसचं झाड हवंय कारण किटातल्या सगळ्यांकडे असतं. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "आपल्या घरात कशाला ते झाडबिड, देवघर आहे ना," नवरा म्हणतो यंदा राहू दे, आणि मुलगी रडून झोपली. त्यात सासऱ्यांना बीपी, सासूबाईंचे गुडघे, आणि एवढ्या थंडीत दोघं सहा आठवडे घरात कोंडल्यासारखे होतील ही भीती. शेवटी तिने विचारलंय, मी नक्की कोणाचं मन मोडू?

अगं, कोणाचंच नको मोडूस, आणि झाडाचा निर्णय आजच्या आज तर अजिबात नको करूस. आपण बाहेरून आलेले लोक नोव्हेंबर संपता संपता झाडं दिसायला लागली की आणून मोकळे होतो, पण इथल्या जुन्या घरांमध्ये झाड 24 तारखेलाच सजवतात, पोरं सकाळपासून बंद दाराबाहेर घुटमळत असतात आणि संध्याकाळी दार उघडलं की मग झाड दिसतं. म्हणजे सासूबाई आल्यापासून तुझ्या हातात चांगले तीन आठवडे आहेत. तेवढ्या दिवसांत त्या स्वतःच्या डोळ्यांनी बघतील की इथे काय चाललंय, आणि व्हिडिओ कॉलवर जे "झाडबिड" वाटतं ते समोर बघितल्यावर तसंच वाटेल असं नाही.

दुसरं म्हणजे हे बोलणं तुझ्या नवऱ्याने करायचं, तू नाही. आई त्याची आहे. "यंदा राहू दे" म्हणून त्याने विषय टाळलाय आणि वाईटपणा तुझ्याकडे आलाय, सुनेने झाड लावलं की सुनेने मुलीचं मन मोडलं, दोन्हीकडून तूच. त्याने आईला एवढंच विचारावं की तुला नक्की काय खटकतंय. मी 19 वर्षं केम्निट्झला आहे, आमच्याकडेही हे झालंय, आणि माझ्या सासूबाईंनी दोन दिवसांनी जे सांगितलं ते झाडाबद्दल नव्हतंच, त्यांना वाटत होतं की नातवाला नीकोलाउस, म्हणजे डिसेंबरात पोरांच्या बुटात खाऊ ठेवून जाणारा इथला संत, माहितीय आणि मार्गशीर्षातले गुरुवार माहीत नाहीत. आणि खरंच होतं ते, मी चार वर्षं मांडणी केलीच नव्हती, ऑफिसमधून येईपर्यंत सात वाजायचे. चूक माझीच होती आणि मी ती झाडावर ढकलत बसले होते.

तर माझं म्हणणं असं की डिसेंबरात सासूबाईंना पाहुणी करून ठेवू नकोस. त्यांचा मार्गशीर्ष याच दिवसांत येतो. त्यांचा गुरुवार आणि इथला आडव्हेंटचा रविवार, दोन्ही त्याच घरात होऊ देत, आणि नातीला दोन्हीकडे कामाला लाव.

आडव्हेंट म्हणजे ख्रिसमसच्या आधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती वाढवायची. तू रोज बघतेस पण सासूबाईंना सांगायला एक गोष्ट लक्षात ठेव. 1839 मध्ये हॅम्बुर्गला योहान हिनरिष विषर्न नावाचे एक पाद्री गरीब मुलांची संस्था चालवायचे, मुलं रोज विचारायची ख्रिसमस कधी, ख्रिसमस कधी, तर त्यांनी गाडीचं एक लाकडी चाक घेतलं आणि त्यावर रविवारच्या 4 मोठ्या पांढऱ्या आणि बाकीच्या दिवसांच्या 20 छोट्या लाल मेणबत्त्या लावल्या, रोज एक पेटवायची, म्हणजे पोरांना मोजता येईल. पुढे त्याचंच चार मेणबत्त्यांचं कडं झालं. सणाची वाट बघणाऱ्या पोरांसाठी कोणीतरी केलेली युक्ती आहे ती, आणि दिवाळीला किती दिवस राहिले हे बोटांवर मोजणाऱ्या कुठल्याही आजीला ती सांगायची सुद्धा गरज पडत नाही.

आणि खिडक्यांमधले ते चांदणीसारखे कंदील! हेर्नहूट गावचे. तुमच्या सॅक्सनी राज्यातलेच आहेत. 19व्या शतकाच्या सुरुवातीला नीस्की गावातल्या एका वसतिशाळेत भूमितीच्या तासाला ते पहिल्यांदा बनले असं सांगतात, तिथल्या बऱ्याच मुलांचे आईवडील मिशनरी म्हणून लांबच्या देशांत असायचे आणि डिसेंबरात मुलं ते कंदील करत बसायची. नेहमीच्या चांदणीला 25 टोकं असतात, 17 चौकोनी बुडाची आणि 8 त्रिकोणी बुडाची, आणि ती सुटी मिळतात, घरी बसून जोडायची. हे काम सासऱ्यांना दे. तू लिहिलंयस की ते एसटीतून रिटायर झालेत आणि हातात काही काम नसलं की चिडचिड करतात. कामट्या आणि खळ घेऊन ज्यांनी घरी आकाशकंदील केलेत त्या पिढीतला माणूस आहे, टेबलावर ती 25 टोकं पसरली की चष्मा लावून बसतील बघ, आणि नात टोकं हातात देत राहील. एक दुपार जाते त्यात, आणि इथे डिसेंबरातली एक दुपार नीट जाणं ही मोठी गोष्ट आहे.

कारण अंधाराबद्दल तू काहीच लिहिलं नाहीयेस आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. थंडीची तयारी सगळे करतात, अंधाराची कोणी करत नाही. 21 डिसेंबरच्या आसपास लायपझिगला सूर्य सकाळी सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारला मावळतो, दिवस आठ तासांचाही नाही, साताऱ्याला सगळ्यात लहान दिवससुद्धा 11 तासांच्या जवळपास असतो. त्यात सूर्य दिसतोच असं नाही, आठ-आठ दिवस नुसतं राखाडी आभाळ. तिथे पहाटे पाचला उठून अंगणात जाणारी माणसं इथे तीन तास अंधारात बसून राहतात, तुम्ही झोपलेले असता, आवाज करायला नको म्हणून दिवाही लावत नाहीत. माझी आई अशी बसायची स्वयंपाकघरात, मला आठव्या दिवशी कळलं. तेव्हा पहिल्याच दिवशी सांगून टाक की पाचला उठलात तर खुशाल दिवे लावा, चहा करा, रेडिओ लावा. आणि 11 ते 2 हा वेळ बाहेरचा, काहीही झालं तरी, ढग असले तरी, कारण ढगातूनही जो उजेड मिळतो तो घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. तुम्ही दोघं कामावर असाल तर त्यांना ट्रामचा एक ठरलेला रस्ता शिकवून ठेव, घर ते बाग ते घर, तीन-चार वेळा सोबत जाऊन, आणि खिशात पत्त्याची चिठ्ठी.

ते लाकडी कमानीवरचे दिवे, श्विबबोगन, ते आमच्या एर्ट्सगेबिर्ग डोंगरातले. खाणकामगारांचा प्रदेश, हिवाळ्यात माणूस अंधारात खाणीत उतरायचा आणि अंधारातच वर यायचा, आठवडाभर ऊन दिसायचं नाही, म्हणून तिथल्या लोकांना खिडकीतल्या दिव्याचं एवढं. सासूबाईंना संध्याकाळी साडेचारला गल्लीतून एक चक्कर मारून आण, प्रत्येक खिडकीत दिवा दिसतो, त्यांना बोलून काही पटवावं लागणार नाही.

आता थंडी. बर्फ बघायला मिळेल या आशेने येत असतील तर आधीच सांगून ठेव की लायपझिगला डिसेंबरात बहुतेक वेळा दोन-चार डिग्री आणि भुरभुर पाऊस असतो, पांढरा ख्रिसमस क्वचित. बर्फ बघायचाच असेल तर एखाद्या शनिवारी फिष्टलबेर्ग डोंगरावर घेऊन जा, 1,215 मीटर उंच आहे, तिथे शक्यता बरीच जास्त. खरी भीती बर्फाची नाहीच, काळ्या बर्फाची आहे.

हे मी घरातलं सांगते. माझे वडील आले त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला कोणाला न उठवता दूध आणायला निघाले, गावी रोज जातात तसे. मी त्यांना जॅकेट घेतलं होतं, थर्मल घेतले होते, कानटोपी, हातमोजे, सगळं. रस्त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. रात्री पाऊस पडून खाली गोठला होता, फरशी नुसती ओली दिसत होती, चकचकीत, आणि त्यांच्या पायात सपाट तळाचे चालायचे बूट. बिल्डिंगच्या दारापासून चार पावलंही गेले नसतील. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी बेल वाजवली तेव्हा ते पायरीवर मनगट धरून बसले होते आणि म्हणत होते काही नाही झालं, काही नाही झालं. मनगटाचं हाड मोडलं होतं. हाड सहा आठवड्यांत भरलं पण त्यानंतरचे दहा-बारा दिवस ते दाराबाहेर पडायलाच तयार नव्हते, आणि ते मला जास्त लागलं.

म्हणून तुला हात जोडून सांगते, शून्याच्या आसपास तापमान असेल आणि रस्ता ओला दिसत असेल तर तो ओला नाही असंच धरून चालायचं. बूट इथे येऊन घ्या, खोल खाचांचा मऊ रबरी तळ, जाड लोकरीचा मोजा घालून माप घ्यायचं आणि तरी बोटं हलली पाहिजेत, घट्ट बुटात पाय उलट जास्त गार पडतात. बुटांवर चढवायच्या खिळ्यांच्या पट्ट्या मिळतात त्या दोघांसाठी आणून ठेव, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी हातात काठी. चालताना छोटी छोटी पावलं, पूर्ण तळवा टेकवत, हात खिशात नाहीत. आणि तुमच्या भाडेकरारात घरासमोरचा बर्फ काढायची पाळी आहे का ते बघ, असेल तर खडी आधीच आणून ठेव, मीठ बऱ्याच शहरांत चालत नाही.

कपड्यांचं जर्मन लोक म्हणतात तसं, कांद्यासारखं, पापुद्र्यावर पापुद्रा. आत सुती नको, घाम धरून ठेवतं आणि मग गार पडतं, आत पातळ लोकरीचं किंवा थर्मल, मध्ये स्वेटर, वर वारा अडवणारं. सासूबाई साडी सोडणार नसतील तर आग्रह नको करूस, आत लोकरीची लेगिंग आणि जाड मोजे, वर गुडघ्याखाली जाणारा कोट, माझ्या आईने सगळा हिवाळा असाच काढला.

सासऱ्यांचं बीपी थंडीत थोडं वर जातं हे बऱ्याच जणांचं होतं, म्हणून मशीन सोबत आणू दे आणि सुरुवातीचे दिवस रोज बघा, गोळ्या सहा आठवड्यांच्या नाही, आठ आठवड्यांच्या, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहिलेलं हवं, नुसतं ब्रँडचं नाही. व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा विमा काढलाच असेल, पण त्यात आधीपासूनचं बीपी धरलंय का ते आजच वाचून घे. सुट्टीच्या दिवशी डॉक्टर लागला तर 116117, जिवावरचं असेल तर 112, दोन्ही नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात.

घरात एक गोष्ट हमखास होते. सासूबाई पहिल्या गुरुवारी धूप लावतील आणि छतावरचा धुराचा अलार्म किंचाळायला लागेल, सगळी बिल्डिंग ऐकेल, त्या घाबरतील आणि पुन्हा उदबत्तीलाही हात लावणार नाहीत. आधीच सांग, देवाची जागा अलार्मपासून लांब आणि खिडकीजवळ कर, फोडणीच्या वेळी मधलं दार बंद. आणि खिडक्या दिवसातून तीन-चारदा पूर्ण उघडायच्या, पाच मिनिटं, मग बंद, थंडी येते म्हणून त्या उघडू देणार नाहीत पण आपल्या स्वयंपाकाची वाफ आणि घरात वाळत घातलेले कपडे, भिंतीला महिन्याभरात बुरशी धरते. हीटरमुळे हवा कोरडी होते ते वेगळंच, टाचा फुटतात, नाकातून रक्त येतं, खोबरेल तेलाची बाटली उशाशी असू दे.

सामानाचं. त्या तूप आणि पेढे घेऊन निघणारच, आणि बाहेरच्या देशातून युरोपात दुधाचे पदार्थ आणि मांस आणता येत नाही, विमानतळावर काढून घेतात आणि घरचं कढवलेलं तूप कचऱ्यात जाताना बघवत नाही, तेव्हा आत्ताच फोन करून सांग. आंब्याच्या डहाळ्या, फुलं, विड्याची पानं हेही प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. नारळ चालतो, पण तो इथेही मिळतोच. भाजणी, मेतकूट, संक्रांतीचे तीळ बिनधास्त आणू दे.

बाजारात एकदा न्यायलाच हवं, लायपझिगचा ख्रिसमस बाजार 1458 पासूनचा म्हणतात, पण शनिवारी संध्याकाळी नको, मंगळवारी दुपारी तीनला ने, अंधार पडताना दिवे लागतात ते बघायला मिळतं आणि धक्काबुक्की नसते. ग्लुवाइनच्या, म्हणजे मसाला घातलेल्या गरम वाइनच्या, शेजारी बिनदारूचा किंडरपुन्श मिळतो, कपासाठी डिपॉझिट घेतात, कप परत दिला की मिळतं. साखरेत घोळवून भाजलेले बदाम सासूबाईंना नक्की आवडतील, तळलेलं काही घेताना मात्र विचार कशात तळलंय, कधी चरबी असते. सासऱ्यांना गाणं आवडत असेल तर थोमासकिर्षे या चर्चमध्ये मुलांचा कोअर ऐकव, संगीतकार बाख 1723 पासून मरेपर्यंत तिथेच होते.

5 तारखेच्या रात्री नीकोलाउससाठी बूट दाराबाहेर ठेवायचे असतात आणि ते स्वच्छ हवेत, ही अट आहे. रोज सकाळी बूट पॉलिश करणारे आजोबा घरात आलेत! मुलीला सांग आजोबांकडून शिकून घे. ब्रश कसा धरायचा, कापडाने चमक कशी काढायची, सगळं.

24 ला दुकानं जास्तीत जास्त दुपारी दोनपर्यंत, 25 आणि 26 बंद, आणि त्याला लागून रविवार आला तर तोही बंद, म्हणून दूध, भाजी, औषधं 23 लाच भरून ठेव. 31 च्या रात्री फटाके आपल्या दिवाळीपेक्षा मोठ्या आवाजाचे, सगळे एकदम रस्त्यावर, रात्री बारा वाजता कोणालाही खाली नेऊ नकोस, खिडकीतून छान दिसतात.

आता पुन्हा झाड. सासूबाईंचा घट मांडायला डहाळ्या लागणारच, आणि आंब्याच्या मिळणार नाहीत. माझ्या सासूबाई पहिल्या गुरुवारी हिरमुसून बसल्या होत्या, तेव्हा मी त्यांना झाडं विकतात त्या कुंपणाशी घेऊन गेले. तिथे बुंध्याची टोकं कापताना खालच्या फांद्या काढून टाकतात, त्यांचा ढीग पडलेला असतो, मागितल्या तर बहुतेक वेळा फुकट देतात. त्यांनी वाकून एकेक फांदी नाकाजवळ नेऊन वास घेतला, बोटांना चीक लागला तो पदराला पुसला, आणि पाच बारक्या डहाळ्या निवडल्या. घरी येऊन कलशात लावल्या, मध्ये नारळ, वर हळदकुंकू, आणि म्हणाल्या, हिरवं आहे ना, झालं. शेवटच्या गुरुवारी उद्यापनाला खालच्या मजल्यावरच्या त्याच बाईंना बोलावलं, त्यांना कुंकू लावलं, फळ दिलं, त्या दुसऱ्या दिवशी डबाभर बिस्किटं घेऊन आल्या.

तेव्हा पहिल्या गुरुवारच्या आदल्या दिवशी सासूबाईंना आणि मुलीला घेऊन तुमच्या जवळच्या झाडवाल्याकडे जा, डहाळ्या आणायला. फक्त डहाळ्या. झाडाचं नाव तू काढू नकोस, नवऱ्यानेही नको. कुंपणाच्या आत दोनशे झाडं उभी असतील आणि पाच वर्षांची नात आजीचा हात धरून मधून चालत असेल, जे काय विचारायचंय ते तिला विचारू दे आणि उत्तर आजीला देऊ दे. नाही म्हणाल्या तर यंदा खिडकीत ती 25 टोकांची चांदणी आहेच, आणि मुलीला ते आजीच्या तोंडून ऐकलेलं तुझ्याकडून ऐकण्यापेक्षा कमी लागेल. हो म्हणाल्या तर झाड 24 पर्यंत बाल्कनीत पाण्याच्या बादलीत उभं ठेव, आत गरमीत सुया लवकर गळतात. मला कळव काय झालं ते.